चौथं माणूस

स्वस्त काही दिसलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, मग माईंच्या मुलाचं काय घेऊन बसलात! लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या वर-खाली जाण्याची काळजी वाहायची आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बर्फातल्या सहलींचे दर उकरत बसायचं. त्या दिवशी तर तो ओरडलाच.

"सापडलं! सीझनचा शेवटचा आठवडा. चौघांना दोघांच्या पैशात. खोली, घसरायच्या स्कीज, बूट, शिकवणारा, सगळं त्यातच!"

"चौथं कोण?" सुनेने विचारलं.

"माई! दुसरं कोण असणार? तिघंच गेलो तर पूर्ण दर. मग विसरा."

ठकी, म्हणजे नात, खुर्चीवरून उडालीच. गेली दोन वर्षं ती मोजे घालून बोळातल्या गुळगुळीत फरशीवर घसरायचा सराव करत होती. ती घसरायला लागली की माई डोळे मिटून घेत. आताही मिटले. "बघू," एवढंच कसंबसं म्हणाल्या. पण "बघू" म्हणजे हो, असा त्या घरात रिवाजच होता.

खरी गोष्ट अशी की माई पडल्या होत्या. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात त्या काउंटर सांभाळत. मागच्या खोलीतल्या ओल्या फरशीवर पाय सटकला आणि बाई सपशेल आडवी. मालकाने उठवून बसवलं, पाणी दिलं. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. तेव्हापासून चकचकीत फरशी दिसली तरी त्या उंबऱ्यावरच थबकत. घरी सांगितलं, गठ्ठा उचलताना कंबर लचकली. कारण मुलाचं ठरलेलं होतं. "माई, एकदा पडलीस ना, की नोकरी बंद." आणि ते काउंटर म्हणजे माईंचं राज्य होतं. कुणाच्या कोटावर कसला डाग आहे आणि तो कुठे जेवताना पडला, हे त्या नुसतं बघून सांगत. ते सोडून घरी बसायचं? छे!

म्हणजे नाही म्हणावं तर नातीची सहल बुडते, कारण सांगावं तर नोकरी जाते, आणि हो म्हणावं तर उभ्या डोंगरभर बर्फ! इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधली वाटही निसरडी.

तयारी मात्र झपाट्याने चालली. कुणीच न्यायला न आलेली गरम जाकिटं दुकानात वर्षानुवर्षं टांगलेली होती. मालकाने ती माईंना जवळजवळ फुकटात दिली. तिघांची बेतशीर बसली. चौथं, निळं, माईंनी आरशासमोर घालून पाहिलं आणि त्यांना घामच फुटला. नुसतं जाकीट घालून ही गत, तर तिथे काय होणार? आपल्या जागी दुसरं कुणीतरी शोधायलाच हवं. पण कोण? शेजारीण? तिला चक्कर येते. मुलाचा मित्र? त्याला रजा नाही. राहता राहिलं एकच नाव, आणि ते त्या टेबलावर कुणी काढत नसे.

विहीणबाई.

पोहायला शिकवण्यात हयात घालवलेली, अजून रोज पहाटे तलावात उडी मारणारी, धिप्पाड बाई. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा चहाचा घोट घ्यायच्या आधी म्हणाल्या, "पडदे आखूड झालेत हो." ते पडदे माईंनी स्वतः शिवले होते! तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे "बरं आहे ना?" आणि "बरं आहे." त्यापुढे गाडी जात नसे.

पण गरजवंताला अक्कल नसते, आणि मानही नसतो. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. माईंनी फोन लावला.

"विहीणबाई, बर्फात जाल का? आमची मंडळी निघालीत. माझ्याऐवजी."

पलीकडून असा आवाज आला की माईंनी फोन कानापासून लांब धरला.

"जाईन का? अहो, कधीपासून वाट बघतेय मी! मुलीला म्हणायचं कसं? तिला वाटेल, आई गळ्यात पडतेय. कधी निघायचं? बूट कुठल्या मापाचे मिळतात?"

माईंचा जीव भांड्यात पडला. सुटले रे बाबा! त्या काउंटरवर रेलून चक्क हसल्या. जाकिटाचं माप कळवा, सैल करून ठेवते म्हणाल्या. सगळं कसं सुतासारखं सरळ झालं. फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"पण तुम्ही का नाही जात?"

"दुकानात गर्दी आहे हो. मान वर करायला फुरसत नाही."

"दुकानाचं मला सांगू नका. ठकीच्या वाढदिवसाला तुम्ही दार उघडायला उठलात. आधी खुर्ची धरलीत, मग कपाट, मग भिंत. वाटेत पाणी सांडलं होतं, तर लांबून वळसा घातलात. मी बघत होते. पडलात ना कुठे?"

एका छपराखाली राहणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. मुलाच्या नाही, सुनेच्या नाही. आणि या बाईने, पडदे मोजणाऱ्या या बाईने, एका संध्याकाळीत सगळं ओळखलं होतं. मनात राग शोधला, तर राग सापडेना.

"हो, पडले," त्या म्हणाल्या. "फार घाबरले हो मी. अजून घाबरते."

आणि मग, भर दुपारी, दुसऱ्यांच्या धुतलेल्या कपड्यांच्या मधोमध उभ्या राहून माई रडल्या. इतक्या दिवसांचं साचलेलं, मनसोक्त रडल्या. विहीणबाईंनी ना उपदेश केला, ना डॉक्टरचं नाव काढलं. एरवी समोरच्याला तोंड उघडू न देणारी ती बाई, माईंचं रडणं संपेपर्यंत फोन धरून नुसती थांबून राहिली.