पाच नवे पदार्थ आणि सत्तावीस नंबर

या वर्षी मी पाच नवे पदार्थ खाल्ले आणि पाच मुलींनी मला नकार दिला. पदार्थ पाचही आवडले. मुलींविषयी काही सांगता येत नाही, कारण त्यांच्याकडे मी नीटसे पाहिलेच नव्हते.

यात माझ्या स्वभावाचा दोष आहे, तसा थोडा व्यवसायाचाही. यवतमाळच्या एका लॅबमध्ये मी तपासणीसाठी रक्त काढतो. नेरहून सकाळच्या पहिल्या बसने येतो आणि दुपारपर्यंत साठ-सत्तर माणसांच्या दंडाला रबरी पट्टा बांधतो. सुई दिसली की माणूस मान वळवतो. मला ते बरे वाटते. चेहऱ्यापेक्षा कोपराच्या खळगीतली शीर मला अधिक ओळखीची आहे. बाजारात भेटलेली माणसे मला ओळखू येत नाहीत, त्यांनी बाही वर केली की येतात. दिवसभरात मी तीनच वाक्ये बोलतो : मूठ आवळा, थोडं टोचेल, झालं. अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात याहून अधिक वाक्यांची गरज मला क्वचितच पडली.

लग्न जमवायला मात्र ती पुरत नाहीत.

मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आता घरी करायचा नाही, हे डोमाजीमामांनी ठरवले होते. मामा आईचे थोरले भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांचे म्हणणे असे, की घरी पाहुणे बोलावले आणि नकार आला तर गल्लीतला प्रत्येक जण महिनाभर विचारत राहतो. हॉटेलात ते फक्त वेटरला कळते. त्यामुळे मुलगा-मुलगी एका टेबलावर आणि मोठी माणसे चार टेबले सोडून, ऐकत नसल्याचा आव आणून, अशी बैठकीची रीत पडली. मामांचा दुसरा नियम अधिक कडक होता. मुलीसमोर रोजचे काही मागवायचे नाही, जन्मात न खाल्लेले मागवायचे, म्हणजे मुलगा जुन्या वळणाचा वाटत नाही. तो पदार्थ मामाच आपल्या टेबलावरून हाताच्या खुणेने वेटरला सांगत.

जानेवारीत यवतमाळला मंचाव सूप आले. त्यावर तळलेल्या शेवयांचा एक पुंजका होता, तो सुपात पडला आणि बारीक, उदास असा चुरचुर आवाज करू लागला. संध्याकाळी शेत जळून विझताना असा आवाज येतो. मुलीने तेवढ्यात मला तीन प्रश्न विचारले असावेत. त्यांतल्या एकाला मी मान हलवली, पण ती कोणत्या प्रश्नाला, हे आम्हा दोघांनाही कळले नाही. परतीच्या बसमध्ये मामांनी विचारले, पोरगी कशी वाटली. मी त्या आवाजाविषयी सांगू लागलो.

मामांनी तिकिटाची घडी घालून ते खिशात ठेवले. मग म्हणाले, "बाबू, मी तुले पोरीचं विचारून राह्यलो, अन् तू सुपाचं सांगून राह्यला."

मार्चमध्ये मारेगावला पनीर टिक्का होता. काडीत ओवलेले, कडा करपलेले चौकोनी तुकडे, आणि त्यांना कोळशाचा वास. काडी ओढून काढताना माझ्या हाताला आपोआप कामावरची सवय आठवली. मी अंगठ्याने पनीर हलकेच दाबून धरले, काडी एका सरळ रेषेत मागे घेतली आणि पनीरला म्हणालो, "झालं." समोरच्या मुलीने हे घरी जाऊन सांगितले. नकार त्याच दिवशी, आमची बस राळेगावपर्यंतही पोहोचली नसेल तेव्हा, मामांच्या फोनवर आला.

सिझलरविषयी मला कृतज्ञता आहे. मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, तो धगधगता तवा आमच्या मध्ये ठेवला गेला आणि इतका धूर झाला की कोणाला कोणी दिसेना. तो पदार्थ स्वतःच इतके बोलत होता की माझ्यावर काही जबाबदारीच उरली नाही. त्या धुरामागे मी सुखाने बसलो. धूर विरला तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. मुलगी डोळे धुवायला गेली होती आणि डोळे धुऊन थेट वडिलांच्या टेबलावर जाऊन बसली.

जूनमधली दहीपुरी मी एकाच घासात खायची असते हे माहीत नसल्याने दोन घासांत खाल्ली. त्याविषयी अधिक लिहीत नाही. शर्ट पांढरा होता.

मग ऑगस्ट आला, आणि त्यात हॉटेल नव्हते.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगारांची वार्षिक तपासणी होती. लॅबने मला पाठवले. चाळीस माणसे, चाळीस नळ्या. यादीवर नावे नव्हती, फक्त क्रमांक. एकोणचाळीस जणांनी मान वळवली. सत्तावीस नंबरच्या मुलीने वळवली नाही. सुई आत जाताना तिने पाहिली, नळीत रक्त चढताना पाहिले, आणि मग सरळ माझ्याकडे पाहून विचारले, "दिवसभर लोकायले टोचता. तुमाले भेव नाही लागत?"

मी म्हणालो, "झालं."

ती उठली आणि अठ्ठाविसावा माणूस खुर्चीत बसला.

तिचे हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन निघाले. रिपोर्टच्या पाकिटावर मी मागच्या बाजूने लिहिले : बीट, मेथी, गूळ-फुटाणे, जेवणानंतर तासभर चहा नको. सही केली नाही. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले, आणि त्यानंतर नेरच्या बसमध्ये मी रोज ते तयार करत असे. उत्तर हळूहळू चांगले झाले. ऐकणारे कोणी नव्हते. सप्टेंबरमध्ये दिग्रसला फालुदा खाताना मी त्या उत्तरातला एक शब्द बदलत होतो. तेवढ्यात पाचवी मुलगी उठून गेली. फालुदा उत्तम होता.

डिसेंबरमध्ये मामा सहावा बायोडेटा घेऊन आले. प्रियंका, बी.कॉम., लोहारा. फोटोतला चेहरा मला कोणाचाही वाटू शकला असता. आईने मला समोर बसवून सांगितले, की मामांचे गुडघे आता बसच्या पायऱ्या चढत नाहीत, तेव्हा या वेळी तरी तोंड उघड. मी कबूल केले. मनात मात्र ते तयार उत्तर होते, आणि ते दुसऱ्याच कोणासाठी होते.

यवतमाळच्या हॉटेलात त्या दिवशी कॉर्न पालक आले. मी नेहमीप्रमाणे वाटीकडे पाहत होतो. थंडी होती, तिने स्वेटर घातला होता. वाटी ओढताना बाहीला भाजी लागू नये म्हणून तिने ती कोपराच्या वर सरकवली. खळगीत वाटाण्याएवढा तीळ होता आणि त्याखालून तिरपी गेलेली निळी शीर.

"सत्तावीस नंबर," मी म्हणालो.

वर्षभरात मुलीशी मी आपणहून बोललेला हा पहिला शब्द. तिने वर पाहिले. आपण ओळखले याची तिला खात्री पटावी म्हणून मी पुढे म्हणालो, "तुमचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक दोन होतं."

अकरा महिन्यांचा साठलेला आवाज एकदम बाहेर आल्यामुळे तो फार मोठा आला. ताट घेऊन जाणारा वेटर थांबला. चार टेबलांपलीकडे तिचे वडील सदाशिवराव, कापूस बाजारात आयुष्य घालवलेला भरदार मिशांचा गृहस्थ, खुर्ची मागे सारून उभे राहिले. मामांनी हळूच विचारले, पोरगी बिमार हाय का हो. तेही हॉटेलभर ऐकू गेले.

"तुमचा भाचा पोरगी पाह्यले आला का रिपोर्ट वाचाले?" सदाशिवराव म्हणाले.

मला उमगले, की ज्या एका माणसासाठी मी चार महिने वाक्य घडवत होतो, त्याची मी भर हॉटेलात नाचक्की केली होती. तोंड उघडण्याचा परिणाम हा होता.

प्रियंका वडिलांकडे वळली. "बाबा, बसा. आता हिमोग्लोबिन साडेअकरा हाय." मग माझ्याकडे पाहिले. "बीट, मेथी, गूळ-फुटाणे. तुम्हीच लिवलं का ते?"

मी मान हलवली. या वेळी कोणत्या प्रश्नाला, ते दोघांनाही कळले.

"जेवल्यावर चहा बंद करनारा?" सदाशिवरावांनी मला आपादमस्तक पाहिले. त्या पाकिटापासून त्यांच्या घरी दुपारच्या जेवणानंतर कोणालाच चहा मिळत नव्हता, आणि ते दररोज, नेमाने, त्या अनाम लिहिणाऱ्याला शिव्या घालत होते, असे नंतर कळले. "तो हा हाय?"

"तो हाच हाय," ती म्हणाली. "अन् मी याले एक इचारलं होतं. त्यानं सांगतलं नाही."

चार महिने सजवलेले ते उत्तर मला आठवेना. त्यात नदी होती, संध्याकाळ होती, एकटेपणाविषयी काहीतरी होते. उरले ते एवढेच :

"लागते. सुईचं नाही. समोरचा मान न वळवता माह्याकडे पाहते, तवा लागते."

तिने माझी वाटी आपल्याकडे ओढली आणि माझे कॉर्न पालकही खाऊ लागली. लोहाचे प्रमाण चांगले असते त्यात.

सदाशिवराव बसले होते, पण धुसफुसत होते. निघताना त्यांनी मला बाजूला घेतले. मी नकाराची तयारी केली. त्याची मला सवय आहे. ते म्हणाले, की त्यांना साखरेची शंका आहे, दवाखान्यात जायला मन घेत नाही, आणि रविवारी सकाळी मी सामान घेऊन घरी यावे. उपाशीपोटी. मग जेवूनच जावे.

उपाशी कोणी राहायचे, हे मामांनी विचारून घेतले नाही. रविवारी ते नेरहून लोहाऱ्यापर्यंत पाण्याच्या घोटावर आले आणि पाहुण्यांच्या घरी सोफ्यावर डोळे मिटून बसून राहिले.

मी सदाशिवरावांच्या दंडाला पट्टा बांधला. मूठ आवळा म्हटले, थोडं टोचेल म्हटले. आतून वांग्याच्या भाजीचा वास येत होता. एवढ्या मिशांच्या माणसाने लहान मुलासारखी मान भिंतीकडे वळवली. त्यांचा दुसरा हात धरून प्रियंका शेजारी उभी होती. तिने मान वळवली नाही.

मला भीती वाटली. सुई मात्र पहिल्याच खेपेला बरोबर शिरेत गेली.