हातमोज्याचं बोट

"सहा वेळा टोचलंय यांनी," म्हातारी म्हणाली. "तू सातवी."

ताईंनी तिचा हात हातात घेतला. रक्त काढायच्या कामात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती आणि अख्खं इस्पितळ त्यांना 'शिरावाल्या ताई' म्हणत असे. कुणालाच शीर सापडेना, की ताईंना बोलावणं ठरलेलं. आज मात्र ताईंना शीर सापडायला नको होती.

त्यांच्या स्वतःच्या पायांतल्या शिरांनी त्यांच्याशी दावा मांडला होता. शिरांच्या आत बारीक झडपा असतात. वर चढलेलं रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून त्या मिटतात. उभं राहून राहून ताईंच्या झडपा सैल पडल्या होत्या. रक्त पोटऱ्यांत साचायचं आणि संध्याकाळपर्यंत जीव नकोसा व्हायचा. डॉक्टरांनी बसून काम करायला बजावलं होतं, रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीही रिकामी होती. पण तीन अर्जांवर मोठ्या साहेबांचं एकच पालुपद, तुमच्यासारखा हात मी कुठून आणू? कौतुकाने माणसाला असं जखडून ठेवता येतं, हे ताईंना पन्नाशीला कळलं. चौथ्या अर्जात त्यांनी आयुष्यातली पहिली लेखी थाप मारली, की बोटाची जाणीव गेली आहे. साहेब म्हणाले, आज या आजींची शीर सापडली नाही तर उद्यापासून खुर्ची तुमची. आणि खात्री करायला ते स्वतः खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले.

डाव्या हातमोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक कात्रीने उडवायचं आणि उघड्या कातडीने शीर चाचपायची, ही ताईंची पद्धत. नियमात बसत नव्हती, पण सगळे काणाडोळा करत. आज हातमोजा अखंड होता. त्यामुळे नाटक करायचीही गरज नव्हती, रबरावरून काहीच कळत नव्हतं. त्यांनी कोपरापाशी दाबलं, मनगटापाशी दाबलं. म्हातारीचे दोन्ही हात निळेजांभळे झाले होते.

"नाही लागत, साहेब."

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "मग जांघेतून काढावं लागेल. उद्या ऑपरेशन आहे, थांबता येणार नाही."

म्हातारीने ते ऐकलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्या लेकीला बाहेर पाठव गं," ती ताईंना म्हणाली. "तिला बघू देऊ नकोस."

लेक उशाशीच उभी होती. तिने आईचा पदर मुठीत धरला होता. ताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि टोक कापलं. रबराचा तुकडा चादरीवर पडला.

अंगठ्याच्या मुळाशी उघड्या बोटाखाली काहीतरी उडत होतं. ती रोहिणी, जाड भिंतीची, तिला हात लावायचा नाही. तिच्या शेजारी किंचित वर काहीतरी मऊ होतं. दाबलं की चपटं व्हायचं, बोट उचललं की सावकाश भरायचं.

"आजी, मूठ आवळा."

एकाच टोचणीत काळपट लाल रक्त नळीत चढलं.

"झालं?" म्हातारीने विचारलं. "मला कळलंसुद्धा नाही."

साहेबांनी अर्जाचा विषयच काढला नाही. "मला ठाऊक होतं, ताई," एवढंच म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोटऱ्यांवर घट्ट मोजे चढवून कामावर आल्या. टेबलावर हातमोज्यांचा नवा खोका होता. खुर्चीत टेकत त्यांनी एक ओढून काढला. पहिल्या बोटाचं टोक आधीच कापलेलं होतं. दुसरा काढला, त्याचंही. तिसऱ्याचंही. बरोबरचे तिघे दारात हसत उभे होते.

"काल थांबून सगळे कापून ठेवले, ताई. रोजचा कात्रीचा ताप गेला तुमचा."

ताईही हसल्या. काय करणार? खुर्चीच्या हातांवर भार देऊन त्या उठल्या आणि डाव्या हातात हातमोजा चढवला. बोट अलगद बाहेर आलं.