तिसऱ्या मजल्याचा वाटा

मित्रांनो, मी एक जुना स्प्लिटर आहे. चार मजली इमारतीच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर एक पांढरी पेटी आहे, तिच्यात माझे बिऱ्हाड. कारखान्यात केसासारखे काचेचे तंतू दोन-दोन करून शेजारी ठेवले, ज्योतीवर मऊ करून ओढले आणि एकजीव केले. अशा सात सांध्यांचा मी बनलो. खालून एका तंतूतून प्रकाश येतो. त्याचे मी आठ सारखे वाटे करतो आणि आठ घरांना पाठवतो. त्यातूनच त्यांचे इंटरनेट चालते. मला बसवणारी ताई मला 'वाटप्या' म्हणे. "याला वीजसुद्धा लागत नाही. फक्त तंतू वाकवू नका," असे ती सगळ्यांना बजावून गेली.

शेजारच्या दारात घड्याळकाका राहत. घड्याळे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते एकटे होते आणि स्वभावाने भिडस्त. परगावच्या थोरल्या भावाशी त्यांचा बारा वर्षे अबोला होता. तो कसाबसा मिटला तोवर थोरल्याला ऐकू येईनासे झाले होते. फोनचा उपयोग नव्हता. पण इंटरनेटवरून पडद्यावर काकांचे ओठ दिसले की थोरल्याला सारे समजे. दोघे रोज दुपारी चार वाजता समोरासमोर पट मांडून बुद्धिबळ खेळत. माझ्यातून जाणारे शब्द मला कळत नाहीत, पण दार उघडे असले की काकांचे हसणे जिन्यात ऐकू येई.

मग जिन्याला रंग द्यायचे ठरले. रंगाऱ्याने पेटीचे झाकण काढले आणि काम संपल्यावर जोर देऊन लावले. एक तंतू कडेला दुमडला. प्रकाश त्या दुमडीतून सांडू लागला. तो तंतू नेमका काकांच्या घराचा होता.

काकांनी कंपनीला फोन केला. "बाकी सात घरांत चालू आहे ना? मग लाइन ठीक आहे. तुमच्या घरातलं इंटरनेटचं यंत्रच बिघडलं असेल," असे उत्तर आले. त्यांनी यंत्र बदलून आणले, तरी पडद्यावर भाऊ दिसेना. चौथ्या दिवशी त्यांनी समोरचे दार वाजवले.

"तुमच्याकडे इंटरनेट येतंय का हो?"

"आमचं तर मस्त चालू आहे काका."

काका क्षणभर थांबले. तुमच्या पडद्यावरून थोरल्याला एकदा कळवू का, एवढेच त्यांना पुढे विचारायचे होते. "बरं, बरं," म्हणून ते माघारी फिरले. दार लागले. मी सगळे पाहत होतो, पण मित्रांनो, मला वाचा नाही.

आठव्या दिवशी जिना उतरताना त्यांचा फोन वाजला. पुतण्या होता. काका फोन मोठ्या आवाजावर ठेवत, म्हणून मलाही ऐकू आले.

"काका, बाबा गेले. पहाटे झोपेतच."

काका पायरीवर बसले.

"मी कालच पोचलो इथे. रोज चारला पट मांडून बसायचे म्हणे. शेजारच्या काकूंना म्हणाले, धाकटा पुन्हा रुसला वाटतं."

"रुसलो नव्हतो रे," काका म्हणाले. "त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं."

पुढच्या आठवड्यात ताई दुसऱ्या घराच्या कामासाठी आली. तिने पेटी उघडली, तंतूत लाल प्रकाश सोडला, आणि दुमडीवर लाल ठिपका उजळला. तिने तंतू सरळ केला.

"काका, पाच मिनिटांचं काम होतं. मला का नाही कळवलंत?"

"तुझा नंबर नव्हता गं," ते म्हणाले. "झालं ना नीट? मग असू दे."

तेव्हापासून त्यांचे यंत्र बंद आहे. मी त्यांचा वाटा रोज त्यांच्या घरात पोहोचवतो. तिकडून काहीच परत येत नाही.

मित्रांनो, जिन्यातली अशी एखादी पेटी कधी उघडावी लागली, तर झाकण लावण्याआधी आतले तंतू हळुवार हाताने बसवा. आणि एखादा म्हातारा शेजारी दारात येऊन अर्धेच काही विचारून थांबला, तर त्याला आत बोलवा. त्याचे उरलेले अर्धे ऐकून घ्या.