आधीच पडलेल्या चिठ्ठ्या

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच भंगारात धरू नका. दारं करून उरलेल्या सागवानातून सुताराने मला घडवलं. तुमच्या बाकांसारखी भुसा दाबून केलेली नाही मी. डोक्यावर एक फट आणि पुढे पितळी कुलूप, एवढाच काय तो माझा दागिना.

मित्रांनो, मला अक्षर येत नाही. कान मात्र तिखट आहेत.

बरीच वर्षं जिन्याखाली तक्रारपेटी म्हणून काढली. मग एका सरांनी मला वर्गात आणलं. एकाने पुढे येऊन प्रेझेंटेशन करायचं आणि बाकीच्यांनी चिठ्ठीवर गुण द्यायचे, आवाजाला, विषयाला, स्लाइडला, उत्तरांना. खाली सल्ल्याची एक ओळ. नाव लिहायचं नाही. सुरुवातीला सर प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. "तू फार धावतोस, असं लिहिलंय बघ." मुलं हसत, सुधारत. माझाही रुबाब होता. पुढे वर्ग फुगले, सर थकले आणि नुसती बेरीज उरली. वाळवी लागली ती तिथे. मला नाही, वर्गाला.

यंदा वर्गाने आपापसात ठरवलं, सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी नऊ. एकच मुलगी ऐकेना. तिला तराजू म्हणून चिडवत.

"तराजूबाई, मला सहा कुणी दिले?" मॉनिटरने विचारलं.

"मी. तू कागदात बघून वाचत होतास."

"बरं. तुझीही पाळी येईल की."

हे तो हसत म्हणाला. ते हसणं मला सोसलं नाही.

या विषयात नापास झाली तर तिचा काका तिचं कॉलेज बंद करणार होता. हे मॉनिटरलाही ठाऊक होतं.

आज तिची पाळी. ती अजून जिना चढत होती, तेवढ्यात एकेकजण आला आणि चिठ्ठी टाकून गेला. एकतीस चिठ्ठ्या, घड्या एकसारख्या. माझं पोट भरलं आणि तिने तोंडही उघडलं नव्हतं.

प्रोजेक्टर काही केल्या लागेना. शेवटी ती खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली आणि नीट, न अडखळता बोलली. तिचं झाल्यावर माझ्याकडे कुणीच आलं नाही. सर हजेरीत मान घालून होते.

मग त्यांनी कुलूप काढलं, बेरीज केली.

"नापास होतेस, बाळ."

तिने विचारलं, "सर, स्लाइडला किती आहेत?"

"दोन. सगळ्यांनी दोनच दिलेत. रंग भडक होते म्हणे."

"सर, आज स्लाइड दिसल्याच नाहीत."

सरांनी किती वर्षांनी एकेक चिठ्ठी वाचली. वाचून झाल्यावर सगळ्या खिशात घातल्या आणि वर्गाचं दार लावून घेतलं.

"या प्राचार्यांकडे जातील. आता कोरे कागद घ्या आणि पुन्हा गुण द्या. वर स्वतःचं नाव लिहा."

मित्रांनो, मी लाकूड आहे. पडेल ते पोटात घेते. तुम्ही मात्र कुणाला जोखण्याआधी त्याचं बोलणं पुरतं ऐका. आणि पेटी उघडणाऱ्यांनो, बेरजेआधी वाचा. इतकी वर्षं वाचलं असतं, तर आज हे दार लावावं लागलं नसतं.

मॉनिटरने नाव लिहिलंय. पेन तिथेच थांबलंय. तास संपत आला आणि माझ्यात अजून एकही चिठ्ठी पडलेली नाही.