करपलेलं पान

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, इस्त्री केले, पण मावशीनं कुणाचा एक धागा करपवला नव्हता. करपवली ती नेमकी बहिणीच्या लग्नातल्या ड्रेसची लेसची कॉलर. बहीण जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तिच्या लेकीला पुढच्या महिन्यात तोच ड्रेस घालून लग्न करायचं होतं. भाचीला सांगायची हिंमत होईना. काहीतरी थाप मारून, जिथून ती लेस आली होती त्या गावी मावशी तशीच लेस शोधायला निघाली.

गावात प्रत्येक दुकानावर 'हातची लेस' अशी पाटी. मावशी लेस उलटून बघायची आणि परत द्यायची. हाताच्या कामात धागा कुठेतरी संपतो, नवा जोडावा लागतो, आणि ती जोड कितीही लपवा, दिसतेच. इथे शोधूनही अशी जोड सापडेना, म्हणजे सगळा माल मशीनचा. सातव्या दुकानदारानं एका लेसवालीचा पत्ता दिला, बहुधा ब्याद टळावी म्हणून.

लेसवाली खिडकीपाशी सुई घेऊन बसली होती. तिनं कॉलर एकदाच उलटली.

"ही मशीनची आहे."

मावशीनं कॉलर घेऊन स्वतः उलटून पाहिली; जोड कुठेच नव्हती. सात दुकानदारांना उघडं पाडणाऱ्या बाईनं घरची कॉलर कधी उलटून पाहिलीच नव्हती. बहीण 'हातची लेस' म्हणून किती मिरवायची तिच्यावरून! मावशीला रडूच आलं.

मशीनसारखी हुबेहूब लेस आपल्याला जमणार नाही, पण करपलं आहे ते नक्षीतलं एकच पान, ते नव्यानं करता येईल, असं लेसवाली म्हणाली. मात्र सुई तिनं मावशीच्या हातात दिली. कापडावर पानाच्या आकारात धागा मांडायचा, टाका त्या धाग्यात अडकवायचा, खालच्या कापडात नाही; कापड शेवटी काढून टाकायचं असतं. मावशीची सुई हट्टानं कापडातच शिरायची. जित्याची खोड! दोनदा अख्खं पान कापडालाच शिवलं गेलं. चौथ्या दिवशी पान झालं. जरा सैल, जरा वाकडं.

"उसवून पुन्हा करू," लेसवाली म्हणाली.

मावशीनं आधी भाचीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं: इस्त्री, मशीन, वाकडं पान. भाचीनं एवढंच विचारलं:

"तू केलेलं पान ओळखू येतं?"

"लांबूनसुद्धा येतं गं."

"मग उसवू नकोस, मावशी."