निवांत गाणारा माणूस

‘मागं बस, सायकल सावकाश हाय...’ एवढं गाऊन शिवशरण थांबले. पुढचा शब्द ओठांवर होता, पण छातीत हवाच उरली नव्हती.

काचेपलीकडे राजवीरनं रेकॉर्डिंग थांबवलं. कळंब्यातल्या घराच्या माडीवरचा हा छोटा स्टुडिओ त्याचाच. प्रेरणा धावत आत आली. तिनं वडिलांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावली आणि मशीन सुरू केलं. मशीनची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून गाताना ते बंद ठेवावं लागे.

शिवशरणांची उभी हयात फाउंड्रीत ओतकामाचे वाळूचे साचे भरण्यात गेली. संध्याकाळी गिटार घेऊन ते स्वतः केलेली गाणी म्हणायचे. कॉलेजची गॅदरिंगं त्यांनी दणाणून सोडली होती, कॅसेटीही निघाल्या होत्या. फाउंड्रीतली वाळूची धूळ मात्र फुफ्फुसांत बसली, ती बसलीच. बायको गेल्यावर त्यांनी पुन्हा गाणी लिहिली. हा अल्बम तेवढा त्यांना पुरा करायचा होता.

“काका, एक सुचवू?” राजवीर चाचरत म्हणाला. “जुन्या कॅसेटीवरनं कॉम्प्युटरवर तुमचा आवाज तयार करता येतोय. कुणाला कळायचं न्हाय.”

“मला कळंल की.”

मग गाण्यांचा वेग कमी केला. एक ओळ म्हणायची, नळी लावायची, दम आला की पुढची ओळ. दोन ओळींमधल्या जागा राजवीर गिटारनं भरायचा. असं करत सगळी गाणी झाली. सायकलच्या गाण्याचं शेवटचं कडवं तेवढं राहिलं.

“आप्पा, बास आता. पाया पडते तुमच्या,” प्रेरणा म्हणाली. “ओठ बघा, निळं पडल्यात.”

“एकच कडवं ऱ्हायलंय.”

“डॉक्टर काय म्हणालेत?”

“घरात पडून ऱ्हावा म्हणालेत. पडून काय करू गं मी?”

ती निघायच्या तयारीनं दारापाशी मशीनची वायर सोडवायला वाकली, तेवढ्यात त्यांनी तिला बाहेर सारलं आणि आतून कडी लावली. नळी काढून ते माइकसमोर उभे राहिले. काचेतून राजवीरला हातानं खूण केली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. नुसती शिट्टीसारखी हवा. प्रेरणा दारावर धडका मारत होती. ते माइकच्या स्टँडला धरून हळूहळू खाली बसले, मग कलंडले. राजवीरनं लाथ घालून कडी तोडली.

दवाखान्यातून घरी आल्यावर ते प्रेरणाला एवढंच म्हणाले, “न्हाय जमलं गं.”

त्या कडव्याच्या जागी राजवीरनं नुसती गिटार वाजवली. अल्बम मोबाइलवर निघाला आणि लोकांना आवडला. प्रेरणा पलंगापाशी बसून लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायची: ‘काय निवांत गातात!’, ‘कसली घाई न्हाय माणसाला.’ शिवशरण डोळे मिटून ऐकायचे.

एका दुपारी पेठ वडगावहून एका कॉलेजच्या प्राध्यापकाचा फोन आला. प्रेरणानं मोबाइल वडिलांच्या कानाशी धरला.

“गॅदरिंगला याल का, साहेब? पोरं लई मागं लागल्यात.”

शिवशरणांनी नळी जरा बाजूला केली.

“येतो की,” ते म्हणाले.

प्रेरणानं तोंड खिडकीकडे फिरवलं. पलीकडचा आनंदानं पुढं काहीबाही बोलत होता. तेवढ्या दोन शब्दांनी गेलेला दम शिवशरण उशीला टेकून कितीतरी वेळ गोळा करत राहिले.