कुलूप काढलेली पुस्तकपेटी

मित्रांनो, मी शाळेतल्या पुस्तकांची जुनी पेटी आहे. जुनी म्हणून मला मोडकी समजू नका. माझ्या आंब्याच्या फळ्या अजून ताठ आहेत आणि माझे झाकण पहिलीतल्या मुलालाही उघडता येते.

१९३४ साली गेणू सुताराने मला घडवले. नवलाख उंबरे या गावाच्या पलीकडे एका छोट्या गावात आमची शाळा आहे. शाळा कमिटीचे प्रमुख महिपती आबा यांनी माझ्यासाठी आपल्या बांधावरचे झाड दिले. नव्या मास्तरीणबाई रतनबाई यांनी तळेगावात घरोघर फिरून पुस्तके मिळवली आणि माझ्यात रचली. मी काठोकाठ भरले.

शनिवारी सकाळी कवायत झाली की बाई मला पडवीत ओढून आणत. मुले माझ्याभोवती गोल बसत. बाई गोष्ट अर्ध्यावर थांबवत आणि विचारत, "आता पुढं काय होईल?" मग प्रत्येकाचा शेवट निराळा! तो करून दाखवताना कोणी अस्वल होई, कोणी विहीर. सोपान हाताचा गोल करून इतक्या गंभीरपणे विहीर व्हायचा, की वाकून पाहणाऱ्या अस्वलालाच हसू फुटे. लहान मुले ओल्या मातीची अक्षरे वळत.

दुसरीतली गंगी डोंगरावरच्या ठाकरवाडीतून येई. सगळ्यांच्या आधी तिला घडाघडा वाचता येऊ लागले. आषाढात एकदा तिने विचारले, "बाई, पुस्तक घरी न्यू का? आमच्या वाडीत कुनीच गोष्ट आयकली न्हाई." बाईंनी तीन पुस्तके फडक्यात बांधून तिला दिली.

हे आबांच्या कानावर गेले. ते तडक शाळेत आले.

"बाई, वाडीवर गेलेली पुस्तकं चुलीत जातील. सरकारी दिपोटी साहेब शाळा तपासायला आले की काय दाखवायचं? पेटीला कुलूप घाला."

"आबा, मग मुलांनी वाचायचं कसं?"

"वाचतील की, जरा मोठी झाल्यावर!"

बाईंचे काही चालले नाही. मला कुलूप लागले आणि किल्ली आबांच्या करदोट्याला गेली. गंगीकडची पुस्तके मात्र परत आली नाहीत. ओढ्याला पाणी चढले होते आणि वाडीची वाट बंद झाली होती.

मित्रांनो, ते दोन महिने मी कधी विसरणार नाही. मला ओल्या भिंतीला टेकवून ठेवले होते. भिंतीतून वाळवी निघाली आणि माझ्या तळातून आत शिरली. एकेक पुस्तक पोखरले जात होते. ते मला कळत होते, पण हाक मारायला मला तोंड नव्हते. मुले जवळून जाताना माझ्या झाकणावर हात फिरवत आणि निघून जात.

भाद्रपदात दिपोटी साहेब तपासणीला आले. आबांनी ऐटीत कुलूप काढून झाकण उचलले. आत मातीचे ढेकूळ होते. साहेबांनी एक पुस्तक उचलले, तर हातात नुसता पुठ्ठा आला.

"या शाळेत वाचायला एकही पुस्तक नाही?" साहेबांनी विचारले. "मग नवी तरी कशाच्या भरवशावर द्यायची?"

बाईंचे डोळे भरून आले. आबा खाली पाहू लागले.

तेवढ्यात गंगी उठली. ओढा उतरल्यामुळे ती त्याच दिवशी शाळेत आली होती. तिने फडके सोडले. "तीन हायेत, साहेब."

पुस्तकांचे कोपरे मऊ झाले होते आणि एकावर हळदीचे बोट उमटले होते. पण पान एकही गेले नव्हते. साहेबांनी सांगितले तिथून गंगीने न अडखळता वाचले आणि ती म्हणाली, "ही आता समद्या वाडीला पाठ झाली. दुसरी पायजेत."

साहेब मोठ्याने हसले. आबांनी कुलूप उचलून खिशात टाकले. "माजं चुकलं, बाई. ह्ये गोठ्याला लावतो."

गेणूने मला सागाचा नवा तळ बसवला. दिवाळीनंतर साहेबांनी पाठवलेली नवी पुस्तके आली. पहिले पुस्तक आबांनीच घेतले. त्यांना अक्षरओळख नव्हती. ते गंगीपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "वाच पोरी. पन दमानं वाच, मला लवकर उमगत न्हाई."

मित्रांनो, हात धुऊन पुस्तकाला हात लावा. त्याचे पान दुमडू नका, त्याला ओल लागू देऊ नका. पण त्याला कोंडूनही ठेवू नका. आणि कधी मी रिकामी दिसले तर हळहळू नका. त्या दिवशी गावातल्या घराघरात माझेच काम चाललेले असते.